क्लाउडस्पायर: पैसा चिप्समध्ये जातो की डावात?

लातूरहून एका तरुणाचा प्रश्न आला आहे. नवरा-बायको दोघं घरी बोर्डगेम खेळतात, सणावाराला दादा-वहिनी आले की चौघं होतात. कॅटन झाला, पँडेमिक झाला. मोबाईलवरचा किंग्डम रश दोघांनीही कैक वेळा संपवला आहे. आता मावसभाऊ दिवाळीला अमेरिकेतून येणार आहे आणि त्याच्या सामानात क्लाउडस्पायर हा टॉवर डिफेन्स जातीचा महागडा बोर्डगेम मागवावा असं त्यांच्या मनात आहे. "चिप्स म्हणजे त्या जड गोल सोंगट्या, मॅट, खोका, सगळं बघून डोळे दिपतात. पण सर, हा खेळ खरंच खेळण्यासारखा आहे, का नुसता कपाटात मांडून ठेवण्यासारखा?"

खेळण्यासारखा आहे, अगदी नक्की. विकत घ्यावा का, याचं उत्तर मात्र तुमच्या बायकोला विचारल्याशिवाय मला देता येणार नाही. असं का म्हणतो ते सांगतो.

मी छत्रपती संभाजीनगरात गेली बारा वर्षं दर रविवारी घरी खेळांची बैठक भरवतो. क्लाउडस्पायर माझ्याकडे चार-पाच वर्षांपासून आहे. चाळीसेक डाव झाले असतील, त्यातले निम्मे मी एकट्याने खेळलो. म्हणजे पहिल्या दिवसाच्या हरखण्यातून मी बाहेर आलोय आणि पहिल्या चिडचिडीतूनही.

आधी टॉवर डिफेन्स म्हणजे काय, ते नीट बघू. शत्रू ठरलेल्या वाटेने चालत येतो, तुम्ही वाटेच्या कडेला बुरूज उभे करता, आणि तो दारापर्यंत पोचण्याआधी त्याला संपवायचं. संगणकावर हे पार १९९० च्या रॅम्पार्टपासून चालत आलंय. २००७ मध्ये डेस्कटॉप टॉवर डिफेन्स आला, २००९ मध्ये प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज, आणि तुमचा लाडका किंग्डम रश २०११ चा, उरुग्वेच्या आयर्नहाईड कंपनीचा. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: हिशेब यंत्र करतं. शंभर शत्रू एकदम चालतात, कोणाला किती लागलं, कोण मेला, कोण निसटला, सगळं आपोआप. तुम्ही फक्त बुरूज कुठे ठेवायचा एवढं ठरवता.

टेबलावर हे शंभर शत्रू हलवणार कोण? तुम्हीच. पटावरच्या टॉवर डिफेन्सचं खरं दुखणं हेच आहे, आणि असा कुठलाही खेळ पारखताना मी पहिल्यांदा हेच बघतो की खेळ बनवणाऱ्याने या दुखण्यावर काय औषध काढलंय.

कॅसल पॅनिक हा २००९ चा साधा खेळ. मध्ये किल्ला, भोवती वर्तुळं, आणि प्रत्येक खेळाडूच्या पाळीला सगळे राक्षस एकेक वर्तुळ आत सरकतात. गॉब्लिनचा जीव एक, ऑर्कचा दोन, ट्रोलचा तीन. राक्षसाची सोंगटी त्रिकोणी असते, मार बसला की ती फिरवायची, हिशेब संपला. आठ-दहा वर्षांची पोरंही खेळतात. किंग्डम रशचाही बोर्डगेम आलाय, रिफ्ट इन टाइम नावाचा, लकी डक गेम्सचा. त्यात शत्रूंची अख्खी टोळी एका पत्त्यावर चौकटी-चौकटीत छापलेली असते, आणि तुमच्या बुरुजाचा मारा म्हणजे वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे त्या चौकटींवर बसवायचे. सगळे शत्रू झाकले गेले की टोळी खलास. मला ही युक्ती फार आवडते. वीस शत्रू एका हालचालीत सरकतात, आणि नेमबाजीचं रूपांतर जागा भरण्याच्या कोड्यात होतं.

क्लाउडस्पायरने तिसरीच वाट धरली. चिप थिअरी गेम्सने हा खेळ २०१९ मध्ये आणला. यात शत्रूची फौज म्हणजे समोर बसलेल्या माणसाची फौज. तुमचा एक किल्ला, त्याचा एक किल्ला. मधे षटकोनी नकाशा, त्यावर वाटा, आणि वाटांच्या कडेला बुरूज बांधायच्या जागा. दर फेरीत तुम्ही बुरूज बांधता आणि त्याच फेरीत त्याच्या दाराकडे आपलं सैन्यही पाठवता. साधे सैनिक आपले शत्रूच्या दाराकडे चालत राहतात, नायक मात्र मोकळे फिरतात. म्हणजे तुम्ही एकाच वेळी किल्लेदारही असता आणि वेढा घालणारेही. हलवायच्या सोंगट्या दहा-बारा, शंभर नाहीत. शिवाय मारामारीला फासे लागत नाहीत. चिपवर जितका आकडा तितकं नुकसान. नशिबाचा भाग येतो तो फेरीच्या सुरुवातीच्या घटनेत, नकाशावर काय सापडेल त्यात, बाजारात कोण भाडोत्री मिळेल त्यात. एकदा सैन्य निघालं की जे घडतं ते तुमच्या आखणीचंच फळ असतं.

किल्ल्याचा विषय निघालाच आहे, तर तुम्ही देवगिरी पाहिला असेलच. नसेल तर हा खेळ घेण्याआधी पाहा. मी माझ्या भाच्याला हा खेळ शिकवत होतो तेव्हा त्याला बुरूज कुठे बांधायचा हे काही केल्या उमगत नव्हतं. तो बुरूज थेट दाराजवळ बांधायचा, कारण वाचवायचं दार आहे ना! एका सकाळी त्याला दौलताबादला घेऊन गेलो. महाकोटाच्या दरवाजांतून चालताना म्हटलं, बघ, दरवाजे एका रेषेत आहेत का? नाहीत. दर दरवाजाशी वळण आहे, म्हणजे हत्तीला धाव घेऊन धडक मारता येत नाही, आणि दारावर टोकदार खिळे. पुढे कातळ तासून उभा केलेला कडा, त्याभोवती खंदक, आणि मग ती अंधारी, म्हणजे काळोखा भुयारी रस्ता. आत वळणं, कमी-जास्त उंचीच्या पायऱ्या, आणि वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण, त्यावर विस्तव पेटवून धूर आत कोंडायची सोय. भाचा अंधारीतून वर आल्यावर म्हणाला, "मामा, इथं बुरूज शत्रूला मारायलेच नाहीत, त्याला उशीर करायलेत."

तेच तर! वाटेवरचा मोक्याचा वळसा दारापासून कितीही लांब असू दे, शत्रू जिथे सर्वांत जास्त वेळ तुमच्या माऱ्यात राहतो तिथे बुरूज. त्या दिवसानंतर तो मला तीनदा हरवून गेला.

देवगिरीतलीच दुसरी गोष्ट या खेळाला आणखी लागू पडते. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला, रामचंद्रदेव यादव किल्ल्यात गेले, आणि धान्य समजून वर चढवलेली पोती उघडली तर त्यात मीठ निघालं, अशी कथा सांगतात. एवढा अभेद्य किल्ला, पण रसद नाही म्हणून तह करावा लागला. क्लाउडस्पायरमध्ये रसदीचं नाव सोर्स. बुरूजही त्यातूनच, सैन्यही त्यातूनच. नवा खेळाडू पहिल्या दोन फेऱ्यांत सगळा सोर्स बुरुजांत घालतो, आणि नकाशावरचे सोर्सचे झरे समोरचा निवांत काबीज करतो. तिसऱ्या फेरीत बुरूज दिमाखात उभे, पण पाठवायला फौज नाही. मी शिकवताना पहिल्यांदा हेच सांगतो: पहिल्या फेरीत एक बुरूज पुरे, बाकी झऱ्यांकडे जा.

खेळातल्या चार पक्षांविषयी, म्हणजे निवडायच्या चार फौजांविषयी, थोडं जास्त बोलायला हवं, कारण खेळाचा जीव तिथेच आहे. मूळ खोक्यात ब्रॉनेन, ग्रोव्हटेंडर्स, एअर्स आणि नरोरा असे चार पक्ष येतात, आणि हे नुसते वेगळ्या रंगाचे नाहीत. आपल्याकडची वाघ-बकरी आठवा. वाघ उडी मारून खातो, बकऱ्या एकीने कोंडतात. एकच पट, पण दोघांचे खेळ सर्वस्वी निराळे, आणि वाघ चांगला खेळणाऱ्याला बकऱ्या चांगल्या खेळता येतीलच असं नाही. इथेही तसंच आहे. सैन्य वेगळं, नायक वेगळे, किल्ला सुधारत नेण्याचा तक्ता वेगळा. म्हणून मी एक पक्ष घेऊन सलग तीन डाव खेळायला लावतो. पहिल्या डावात आपले सैनिक काय करतात तेच कळत नाही, दुसऱ्यात समोरच्याचे कळायला लागतात, तिसऱ्यात खरी गंमत येते.

तीन डाव! ही या खेळाची खरी किंमत, आणि ती खोक्यावर लिहिलेली नसते.

माझा पहिला डाव आठवतो. आम्ही चौघं, उन्हाळ्याचा रविवार, सगळ्यांना पहिलाच खेळ, आणि मी सगळे नियम एकदम सांगायला घेतले. सव्वा तास नुसतं सांगण्यात गेला. पाच तासांनी डाव मोडला तेव्हा संपलाही नव्हता. माझ्या एका मित्राच्या वाट्याला पाच तासांत जेमतेम तासभर खेळणं आलं असेल, उरलेला वेळ तो दुसऱ्यांच्या चालींकडे बघत होता. तो पुन्हा या खेळाला बसला नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती. चौघांत हा खेळ लांबतो. शिवाय दोघे भिडले की तिसऱ्याचं फावतं, आणि कोण जिंकेल हे कोणी कोणावर राग धरला यावरही ठरतं. दोघांत हा खेळ सर्वांत सरस. नवे असताना तीन तास धरा, सरावल्यावर दोन-अडीच. दादा-वहिनी आल्यावर चौघांनी खेळायला म्हणून घेत असाल तर नका घेऊ. त्या संध्याकाळी कॅसल पॅनिक काढा, सगळे मिळून किल्ला लढवा, मुलंही बसतील.

आता चिप्सकडे येतो, कारण प्रश्न मुळात त्यांचाच आहे. महागड्या खेळांत दोन प्रकारचा थाट असतो. एक नुसता बघायचा: मोठाल्या मूर्ती, सोनेरी किनार, खोक्यात खोका. असे दोन-तीन खेळ घेऊन मी पस्तावलोय. एकाच्या मूर्ती इतक्या उंच की पलीकडच्या घरात काय आहे ते उभं राहून बघावं लागायचं. दुसरा थाट खेळताना हाताला उपयोगी पडतो, आणि क्लाउडस्पायरचा थाट बराचसा या दुसऱ्या प्रकारचा आहे. सैनिकाची चिप वर, तिच्याखाली जीवाच्या चिप्स. मार बसला की खालची एक काढायची. ढीग किती उंच आहे ते खोलीच्या दारातूनही दिसतं, कुठे वहीत लिहायला नको. सैनिक हलवला की त्याचा जीवही त्याच्याबरोबर हलतो. मघाशी म्हटलं ना हिशेब माणसाला करावा लागतो, तर या चिप्स तो हिशेब वाहून नेतात. पैसा इथे कामाला लागलाय.

आपल्या भागात तर याचा आणखी एक फायदा आहे, जो पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन लक्षात येणार नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, पंखा पाचवर असल्याशिवाय बसवत नाही. पुठ्ठ्याच्या हलक्या सोंगट्या आणि पत्ते उडतात, आम्ही कित्येक खेळांत पत्त्यांवर सुपाऱ्या ठेवून खेळलोय. या चिप्स जड आहेत, पंख्याखाली जागच्या हलत नाहीत. वीज गेली, खिडकी उघडली, धुळीची वावटळ आत आली, तरी ओल्या फडक्याने मॅट पुसा आणि पुढे चालू. माझ्याकडच्या पुठ्ठ्याच्या पटांचे कोपरे दोन उन्हाळ्यांत उचलले गेले. निओप्रीनची मॅट पसरली की आजही सपाट बसते.

पण थाटातही दोष आहेत, ते लपवत नाही. चिपवर जागा थोडी, म्हणून सैनिकांचे गुण चिन्हांत दिलेत, आणि त्या चिन्हांचा अर्थ वेगळ्या कागदावर बघावा लागतो. पहिले तीन डाव मान त्या कागदावरून पटावर आणि पटावरून कागदावर. माझं वय पन्नाशीच्या पुढे, बारीक चिन्हं ट्यूबलाइटच्या उजेडात दिसत नाहीत म्हणून मी टेबलावर वेगळा दिवा लावलाय. ओळखीच्या एका ताईंनी प्रत्येक पक्षाची चिन्हं आणि अर्थ मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून एकेक पान करून दिलं, तेव्हापासून नव्या माणसाला शिकवायला निम्मा वेळ लागतो. तुम्हीही हे करा. इंग्रजी येत असली तरी करा, कारण लिहिताना अर्धे नियम पाठ होतात. दुसरा दोष नियमपुस्तकाचा. ते जाड आहे, आणि ऐन वेळी अडलेली गोष्ट त्यात चटकन सापडत नाही. प्रकाशक ते आपल्या संकेतस्थळावर फुकट देतात. मागवण्याआधी उतरवून घ्या आणि दोघांनी दोन संध्याकाळी वाचा. वाचतानाच कंटाळा आला तर तुमचे पैसे वाचले.

एकट्याने खेळण्याची सोय मात्र मला या खोक्यातली सर्वांत मोलाची वाटते. एकट्यासाठीचे प्रसंग पक्षागणिक लिहिलेले आहेत. गोष्ट पुढे सरकते आणि तिच्याबरोबर तो पक्ष कसा खेळायचा तेही अंगवळणी पडत जातं. दोघांनी मिळून खेळायचे प्रसंगही आहेत. शिक्षक म्हणून पुस्तकापेक्षा हे प्रसंग चांगले. मी पहिल्या दिवशी चौघांना बसवण्याऐवजी आठवडाभर एकट्याने खेळलो असतो, तर तो मित्र आजही हा खेळ आमच्याबरोबर खेळत असता. याची मला अजूनही हळहळ वाटते.

पैशाचं बोलू. हा महाग खेळांपैकी आहे, आणि मी मागवला तेव्हा वाहतूक, कस्टम्स, कर धरून हातात पडेपर्यंत मूळ किमतीच्या जवळपास दुप्पट झाला होता. एका विक्रेत्याने सांगितलेली रक्कम वेगळी आणि शेवटी भरलेली वेगळी, असंही माझ्या बाबतीत झालंय, म्हणून एकूण आकडा लेखी घेतल्याशिवाय पैसे पाठवू नका. तुमचा मावसभाऊ आणतोय तर वाहतूक वाचेल, पण खोका जड आहे, त्याच्या सामानाच्या वजनात बसतो का ते आधी त्याला विचारा, बिल जवळ ठेवायला सांगा. जादा पक्षांचे विस्तार आत्ता अजिबात मागवू नका. मूळ चार पक्षांचेच प्रत्येकी तीन डाव खेळायचे म्हटले तर वर्ष जाईल.

आणि काहीही मागवण्याआधी एक गोष्ट घरी करून बघा, तिला एक रुपया लागत नाही. तुमच्या घरात शहाबादी फरशी असेल तर पट तयारच आहे. खडूने बारा फरश्यांची एक वाकडीतिकडी वाट आखा, शेवटची फरशी म्हणजे दार. शत्रू म्हणजे सोयाबीनचे दाणे, लातुरात त्यांना काय तोटा? बुरूज म्हणजे सुपाऱ्या, सुरुवातीला तीन, वाटेला लागून असलेल्या कुठल्याही फरशीवर ठेवा. दर फेरीला आधी सगळे ढीग एक फरशी पुढे सरकवा. मग पहिल्या फरशीवर नवा ढीग ठेवा, पहिल्या फेरीत दोन दाणे, दुसरीत तीन, असे वाढत. मग प्रत्येक सुपारी आपल्याला लागून असलेल्या एका ढिगातले दोन दाणे उचलते. पाच दाणे उचलले की एक नवी सुपारी मिळते. एक दाणा दारात शिरला की हार. बायको शत्रू झाली तर तिला मुभा द्या, फेरीचे दाणे एकदम आणायचे की साठवून पुढच्या फेरीत मोठा ढीग करायचा, हे ती ठरवेल.

अर्धा तास खेळा. सुपारी वळणाच्या आतल्या कोपऱ्यात ठेवली तर एकीला दोन-तीन फरश्या लागतात, हे तुम्हाला दुसऱ्या डावात आपोआप कळेल. त्याहून महत्त्वाचं, दाणे सरकवायचा कंटाळा येतो का तेही कळेल. येत असेल तर तुम्ही मोबाईलवरच सुखी आहात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. फार तर रिफ्ट इन टाइम बघा, त्यात सरकवणं कमी आहे. पण दाणे सरकवता सरकवता तुम्ही दोघं भांडायला लागलात, "एक डाव अजून" म्हणत रात्रीचे अकरा वाजले, तर क्लाउडस्पायर तुमच्याच घरासाठी आहे.

बायकोला विचारा म्हटलं ते याचसाठी. हा खेळ एका माणसाच्या हौसेवर चालत नाही. समोर तेच माणूस पुन्हा पुन्हा बसावं लागतं, दोघांचा हात बरोबरीने तयार व्हावा लागतो. एकाने दहा डाव केले आणि दुसऱ्याचा पहिलाच असेल तर तासाभरात निकाल लागतो आणि पुढचे दोन तास नुसते ओढायचे. माझ्या बैठकीतल्या दोन बहिणी दर पंधरा दिवसांनी हा खेळ मांडतात, एक कायम नरोरा, दुसरी कायम ग्रोव्हटेंडर्स, आणि त्यांचा डाव बघायला आम्ही बाकीचे आपला खेळ थांबवतो. तसं माणूस घरात असेल तर एवढे पैसे घालायला मी बिनदिक्कत सांगेन. तसं माणूस नसेल पण एकट्याने बसायची आवड असेल, तरीही घ्या म्हणेन.

मावसभाऊ तिकडून निघायला अजून अवकाश आहे, तोवर एखाद्या रविवारी दोघंही संभाजीनगरला या. लातूरहून पहाटेच्या गाडीने निघालात तर दुपारपर्यंत पोचाल. मी तुम्हाला दोघांनाच समोरासमोर बसवेन, मधे बोलणार नाही, अडलं तरच सांगेन. येण्याआधी एकट्यासाठीच्या प्रसंगांतला पहिला वाचून या, आणि कोणता पक्ष कोण घेणार ते गाडीत ठरवा. माझ्याकडचा ब्रॉनेनचा कागद जरा फाटलाय, तो मी तोवर नवा करून ठेवतो.